पेटीला लावलेलं कुंकू

मोहखेडचे शेषराव गुरुजी खोटं बोलत नसत. ही त्यांची कीर्ती चिखलीच्या बाजारापर्यंत पोचली होती, आणि ती पोचवण्यात त्यांचा स्वतःचाच हात मोठा होता. वर्गात, चावडीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही बसले तरी थोड्या वेळानं म्हणायचे, "आपल्याला खोटं जमत नाही बुवा." जमत नव्हतंच. पण एखादी खरी गोष्ट आपल्याला आत्ता, इथं, कशासाठी सांगायची आहे, हे स्वतःला विचारायची सवयही त्यांना नव्हती. त्रेसष्ट सालच्या माघात त्यांनी जे केलं ते यातूनच झालं.

वय चौतीस, दोन खोल्यांच्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि डोक्यात एकच नाद. जुन्या काळी माणसं जगाबद्दल काय काय समजत होती आणि मग ती समजूत कशी मोडली, याची त्यांनी एक जाड वही भरली होती. ग्रहणाला राहू गिळतो म्हणणारे लोक, आतडी कशी असतात ते पाहण्यासाठी मसणातून प्रेतं पळवणारे वैद्य, हात धुवा म्हणून सांगितल्यावर ज्याला वेड्यात काढलं तो डॉक्टर, सगळे त्या वहीत होते. तालुक्याच्या शिक्षक संमेलनात त्यांनी यावर तासभर भाषण ठोकलं आणि टाळ्या घेतल्या. तेव्हापासून त्यांना वाटू लागलं होतं की खऱ्यासाठी छळ सोसणाऱ्या त्या माणसांच्या रांगेत शेवटी आपणच उभे आहोत. अडचण एवढीच होती की मोहखेडात त्यांना कोणी छळत नव्हतं. उलट हुरडा निघाला की पहिली पिशवी त्यांच्या घरी यायची.

आता देवी काढण्याची, म्हणजे देवीची लस टोचण्याची गोष्ट. देवीचा रोग आपल्याकडं फार जुना, आणि त्यावरची लसही गावाला नवी नव्हती. पण मोहखेडात ती टोचायला सरकारी माणूस आला की आया लेकरं घेऊन तुरीच्या शेतात जाऊन बसायच्या, नाहीतर कणगीत लपवायच्या. घरात देवी येते ती पाहुणी म्हणून. तिला कडुनिंबाचा पाला द्यायचा, नऊ दिवस घरात फोडणी द्यायची नाही, चढ्या आवाजात बोलायचं नाही, आणि ती निवली की दहीभात दाखवून वाटेला लावायचं. सुई घेऊन तिला अडवायला कोण जाणार?

हा गुंता सोडवला झुंबरबाईनं. साठी उलटलेली, तोंडावर देवीचे खोल व्रण, दोन पोरं याच रोगानं गेलेली, एकटा दयाराम उरलेला. गावाबाहेरच्या निंबाखाली मातेचा ओटा होता आणि त्याची झाडलोट, दिवाबत्ती तिच्याकडं होती. सहा वर्षांपूर्वी माणिकराव नावाचा नवा टोचणारा सायकलवरून आला, त्याच्याशी ती निंबाखाली बराच वेळ बोलली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं गावात सांगितलं की माता आता पेटीतून येती. लहान होऊन येती. तिला आपण बोलावून घेतलं, दंडावर जागा दिली, की मग ती मोठी होऊन येत नाही.

तेव्हापासून दर माघात माणिकराव यायचा. त्याची पत्र्याची पेटी ओट्यावर ठेवली जायची. झुंबरबाई पेटीला हळद-कुंकू लावायची, वर निंबाचा डहाळा ठेवायची आणि म्हणायची, "ये माय, हलक्या हातानं ये." मग एकेक बाई पोराचा दंड उघडा करायची. माणिकराव त्यावर लशीचा थेंब ठेवून दातेरी चक्री फिरवायचा. पोर रडायचं. घरी गेल्यावर नऊ दिवस फोडणी बंद. सहा वर्षांत गावातलं एकही पोर सुटलं नव्हतं आणि एकही दगावलं नव्हतं.

माणिकराव मेहकरकडचा. छप्पन्न साली त्याच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला होता. किसनराव पाटलांसारख्यांच्या घरात त्याला एरवी ओसरीच्या पुढं पाऊल टाकता आलं नसतं. पण कुंकू लागलेल्या पेटीतून तो जे काढायचा ते मातेचं असायचं, मग पाटलांच्या सुना आपल्या लेकरांचे दंड त्याच्या हातात द्यायच्या. हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. बोलून न दाखवण्यावरच सगळं चाललं होतं.

त्या साली गुरुजी लहान मुलांची यादी घेऊन ओट्यावर गेले. दरवर्षी यादी शाळेतून जायची, ती नेऊन द्यायला या वेळी ते स्वतः निघाले, कारण हा सगळा प्रकार त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचा होता. गर्दीतून वाट काढत ते ओट्यापाशी पोचले आणि पेटीवर यादी ठेवायला हात पुढं केला, तोच झुंबरबाई म्हणाली, "गुरुजी, वाहना काढा आधी. शाळेत शिकवता अन इथं कसं वागाचं ते ठाव नाही का?"

बाया हसल्या. पोरं हसली. त्यांच्याच शाळेतली पोरं. गुरुजींनी वहाणा काढल्या, आणि त्या काढताना त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मग ते वळले आणि बोलायला लागले.

छान बोलले. संमेलनात बोलले होते त्याहून छान. या पेटीत कोणी देवी नाही, म्हणाले. इंग्लंडात गाईच्या सडांना फोड यायचे, दूध काढणाऱ्या गौळणींच्या हाताला ते लागायचे आणि त्या गौळणींना देवीचा रोग होत नसे. तिथल्या एका डॉक्टरनं हे हेरलं. मग ही लस जहाजानं बसऱ्याहून मुंबईला कशी आली, एका लेकराच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी कशी जिवंत ठेवली, तेही सांगितलं. आणि मग, लोक तोंड उघडं ठेवून ऐकतायत हे बघून, त्यांनी शेवटचा घाव घातला. "आज ती कशी बनते माहीत आहे? वासराला आडवं बांधतात. त्याच्या पोटाची कातडी भादरून ओरखडे काढतात. त्यावर फोड उठले की त्यातला पू खरवडून घेतात. ज्याला तुम्ही कुंकू लावून राहिले ना, तो वासराच्या जखमेतला पू आहे."

माणिकराव खाली मान घालून चक्री दिव्याच्या ज्योतीवर धरत होता. त्यानं एकदाच वर पाहिलं. गुरुजींना ती नजर दिसली होती. आपण दिसूनही थांबलो नाही, हे पुढं त्यांना कधी विसरता आलं नाही.

कोणी आरडाओरडा केला नाही. आधी किसनराव पाटलांनी विचारलं, "वासराचं? खरं म्हनता?" गुरुजी म्हणाले, "मी खोटं बोलत नाही." पाटील थोडा वेळ पेटीकडं बघत राहिले आणि मग म्हणाले, "अन वरतून टोचनाराबी पाहा कोन." सहा वर्षं जे कोणी बोललं नव्हतं ते बोललं गेलं. पाटलांची सून लेकरू उचलून निघाली. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. दयारामची बायको चांगुणा आपल्या पोरीचा, अंबूचा हात धरून उभी होती, तीही निघाली. झुंबरबाईनं तिला हाक मारली नाही. ती ओट्यावर बसून राहिली, कुंकवाचा करंडा मांडीत धरून.

अंबू झुंबरबाईची नात. सहा वर्षांची. दयाराम बायको-पोरीला घेऊन खामगावच्या कापसाच्या जिनिंगात कामाला होता, गेल्या दिवाळीला गावी परत आला, म्हणून अंबूला गावातली टोचणी कधी मिळाली नव्हती आणि खामगावात ती दोनदा नेमकी तापानं पडलेली. या माघात तिची पाळी होती. पोरगी पहिलीत होती पण गुळाच्या पुडीचा कागदसुद्धा सोडत नसे. अक्षर जुळवून जुळवून वाचायची आणि अर्थ लागला नाही तर गुरुजींच्या घरी येऊन उभी राहायची. त्या दिवशी आई ओढत नेत होती तरी ती मान वळवून गुरुजींकडंच बघत होती, गोष्ट संपली की काय म्हणून.

घरी गेल्यावर गुरुजी खुशीत होते. विमलबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्या दोघाही लेकरांच्या दंडावर टिकल्या हायेत. मागंच चिखलीच्या दवाखान्यात टोचून आनले तुमी. म्हनून बोलाले सोपं गेलं." गुरुजींना राग आला. बायकांना इतिहास कळत नाही असं काहीतरी ते पुटपुटले आणि जेवायला बसले. त्या रात्री त्यांना झोपही चांगली लागली. नंतरच्या काळात त्यांना या झोपेची सगळ्यात जास्त लाज वाटायची.

माघ सरता सरता दयाराम अंबूला घेऊन संग्रामपूरकडं एका लग्नाला गेला. परत आल्यावर दहा-बारा दिवसांनी अंबूला ताप भरला, आणि होळीच्या आधी तिच्या अंगावर फोड उठले.

झुंबरबाईच्या दाराला निंबाचे डहाळे लागले तेव्हा गुरुजी शाळेतून तसेच धावत गेले. दारातच थबकले. माता असलेल्या घरात परक्यानं जायचं नसतं. चांगुणा आतून म्हणाली, "येऊ नका गुरुजी." आवाज हळू, नियमाप्रमाणं. आत अंधार होता आणि निंबाचा वास येत होता. गुरुजी रोज शाळा सुटल्यावर येत, दारापासून चार हातांवर उभे राहत आणि जात. काय करावं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांच्या वहीत एवढे वैद्य होते, पण फोड आल्यावर काय करायचं ते त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. त्या बाबतीत ते आणि झुंबरबाई सारखेच अडाणी होते.

मग पंजाबरावाच्या घरी डहाळे लागले. त्याचं सहा महिन्यांचं तान्हं सातव्या दिवशी गेलं. तान्ह्याच्या आईनं, कलाबाईनं, त्याला माघात ओट्यावर आणलं होतं आणि दंड उघडा करून रांगेत उभी होती. तिच्यापुढं दोन बायका होत्या. गुरुजींना हे आठवत होतं, कारण बोलताना समोर तिचंच पोर रडत होतं आणि आपला आवाज चढवावा लागतोय म्हणून ते तिच्यावर वैतागले होते.

चैत्र लागला तोवर पाच घरं झाली. अंबू वाचली. फोड सुकले, खपल्या पडल्या. उजवा डोळा पांढरा झाला आणि डाव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

माणिकराव दोनदा येऊन रिकाम्या हातानं गेला होता. तिसऱ्यांदा आला तो थेट शाळेत. दुपारची सुट्टी होती. सायकल भिंतीला लावून तो दारात उभा राहिला. गुरुजींनी त्याला बसायला आपली खुर्ची दिली. तो बसला नाही.

"गुरुजी, गावात अजून चौसष्ट लेकरं टोचाचे हायेत," तो म्हणाला. "काही नवे, काही जुने टोचलेले, साथीत त्याइले पुन्हा टोचा लागते. मोठ्या मानसांचं तर सोडाच. पेटीत लस हाय. गार कपड्यात ठेवून आनली, पन या उन्हात ती चार रोज बी टिकत नाही. कोनी दंड देऊन नाही राह्यलं."

"मी समजावतो त्यांना. मी घरोघर जातो," गुरुजी म्हणाले.

"तुमी समजावलं तेच तं झालं ना जी."

माणिकराव रागावलेला नव्हता, त्यानं नुसतं झालं ते सांगितलं होतं.

"ओट्यावर पेटी ठेवा लागते," माणिकराव पुढं म्हणाला. "अन तुमीच ठेवा लागते. तुमीच कुंकू लावा लागते. माघात बोललो ते खोटं होतं, वासराचं नाही, मातेचंच हाय, असं सांगा लागते. गावाले तुमचा भरोसा हाय. तुमी खोटं बोलत नाही हे सगळ्याइले ठाव हाय."

मग गुरुजींच्या तोंडून जे निघालं त्याची त्यांना बोलता बोलताच शरम वाटली. "माणिकराव, मी देवीपुढं हात जोडत नाही. आयुष्यात जोडले नाहीत."

"मी बी जोडत नाही," माणिकराव म्हणाला. "दीक्षा घेतली त्या दिवशी माह्या बापानं घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले. मी बावीस प्रतिज्ञा घेतल्या हायेत, पाठ हायेत मले. तुमी जे पुस्तकात वाचून सोडलं ते आमी अंगावर सोसून सोडलं, गुरुजी. तरी सहा साल मी ती पेटी ओट्यावर ठेवत आलो. हात झुंबरमाय जोडते, टोचतो मी. त्या पेटीले कुंकू लागलं की माह्या हाताले कोनी नाव ठेवत नाही. मले हे आवडत असन असं वाटते का तुमाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईनं स्वतः दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगितलं की गुरुजींना काहीतरी बोलायचं आहे. लोक आले. ऐकायला म्हणून आले, टोचून घ्यायला नाही. बाया लांब उभ्या होत्या, लेकरं पदराआड. अंबूला झुंबरबाईनं आपल्याशेजारी ओट्यावर बसवलं होतं. तिच्या डोक्याचे केस कापले होते आणि ती आवाज येईल त्या दिशेला तोंड फिरवत होती.

गुरुजींनी वहाणा लांब काढल्या. पेटी उचलली, ओट्यावर ठेवली. कुंकू घेताना बोटभर त्यांच्याच धोतरावर सांडलं. कोणी हसलं नाही. त्यांनी पेटीला कुंकू लावलं, डोकं टेकवलं आणि उभे राहून म्हणाले, "माघात मी इथं बोललो ते खोटं होतं. पेटीत वासराचं काही नाही. माता आहे. लहान होऊन येते, झुंबरमाय सांगते तशी. लेकरांना टोचून घ्या."

आपलाच आवाज त्यांना ओळखू आला नाही. वही भरून ज्यांची चरित्रं त्यांनी लिहिली होती त्यांच्यापैकी काहींना असंच उभं करून, आपलं म्हणणं खोटं होतं असं वदवून घेतलं होतं. तेव्हा त्यांना त्या माणसांची दया आली होती. स्वतःची दया मात्र त्यांना आली नाही. त्या माणसांचं खरं कोणाच्या लेकराच्या जिवावर उठलं नव्हतं.

लोक हलले नाहीत. मग मागून पंजाबराव पुढं आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"खोटं होतं तं तवा बोलले काऊन?" त्यानं विचारलं.

यावर काय सांगायचं ते माणिकरावानं शिकवलं नव्हतं. गुरुजींनी पंजाबरावाकडं पाहिलं, त्याच्यामागं उभ्या असलेल्या कलाबाईकडं पाहिलं. तिचे हात रिकामे होते आणि पदर सवयीनं अजून लेकरू धरल्यासारखा धरलेला होता.

"झुंबरमायनं मला वहाणा काढायला सांगितल्या, लोक हसले," गुरुजी म्हणाले. "मला राग आला. मी किती शहाणा आहे ते दाखवायचं होतं. म्हणून बोललो."

त्या सकाळी ओट्यावर ते एवढंच खरं बोलले, आणि ते बोलताना त्यांना स्वतःलाही पहिल्यांदाच समजलं. पंजाबराव त्यांच्या अंगावर धावून जाईल असं लोकांना वाटलं. गुरुजींना तर तसं व्हावं असंच वाटत होतं. पण पंजाबराव मागं वळला, आपल्या चार वर्षांच्या मोठ्या पोरीला त्यानं पुढं आणलं, तिची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि माणिकरावापुढं धरली.

"टोचा," तो म्हणाला.

मग रांग लागली. दुपार टळेपर्यंत माणिकरावानं मान वर केली नाही. चौसष्टच्या चौसष्ट लेकरं झाली आणि लस उरली तेवढ्यात मोठी माणसंही झाली. लेकरांत सगळ्यात शेवटी किसनराव पाटील आपल्या नातवाला घेऊन आले. माणिकरावानं पोराचा दंड हातात धरला तेव्हा पाटील दुसरीकडं बघत राहिले, पण काही बोलले नाहीत.

गर्दी पांगली. चांगुणा घरी पाणी भरायला गेली, माणिकराव विहिरीवर हात धुवायला गेला. झुंबरबाई ओटा झाडत होती. गुरुजी तिथंच उभे होते. त्यांना तिच्यापुढं काहीतरी बोलायचं होतं. शेवटी म्हणाले, "माय, मी तुझ्या ओट्यावर खोटं बोललो. मातेचं नाव घेऊन बोललो."

झुंबरबाईनं झाडू थांबवला नाही. "मले ठाव हाय," ती म्हणाली.

"काय ठाव आहे?"

"वासराचं हाय ते." तिनं पाला एका बाजूला लोटला. "माणिकरावनं पयल्याच साली सांगतलं होतं मले. या निंबाखालीच. म्हने, माय, तुले फसवून मी काही करनार नाही. आधी आयकून घे, मंग हो म्हन. मी तीन रोज जेवले नाही, गुरुजी. मंग इचार केला, वासरू बी गाईचंच लेकरू हाय. एका मायचं लेकरू दुसऱ्या मायच्या लेकरासाठी सोसून राह्यलं, यात मातेले वाईट काऊन वाटन? मातेले इचारलं बी. ती नाही म्हनली नाही. मंग मी पेटीले कुंकू लावलं."

गुरुजी ओट्याच्या कडेवर बसले. सहा वर्षं गावात एकट्या आपल्यालाच माहीत आहे असं जे ते समजत होते ते या बाईला त्यांच्याइतकंच माहीत होतं. ते तिनं ऐकलं होतं, तीन दिवस उपाशी राहून पचवलं होतं आणि लोकांना झेपेल असं करून त्यांच्या हाती दिलं होतं. त्यांनी माघात तिला अडाणी ठरवायला जे सांगितलं त्यात तिला नवीन काहीच नव्हतं.

"मग त्या दिवशी तू बोलली का नाही? मला थांबवायचं होतं."

आता मात्र तिचा झाडू थांबला. "काय बोलू? मले ठाव होतं म्हनलं असतं तं लोक म्हनले असते, बुढीनं सहा साल आपल्या लेकराइले बाटवलं. मी भ्याले, गुरुजी. तुमी शहानपनापायी बोलले अन मी भेवापायी गप्प राह्यले. चांगुणा माह्या डोळ्यादेखत पोरीले घेऊन चालली, अन मी करंडा धरून बसले." ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "तुमचं तुमी गावापुढं बोलून मोकळे झाले. मले तं तेबी करता येत नाही."

आपण मोकळे झालो असं गुरुजींना वाटत नव्हतं. पण ते तिला सांगायचा आपल्याला हक्क नाही एवढं त्यांना समजलं. थोड्या वेळानं ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "अंबूले घरी नेऊन सोडा. मले अजून ओटा सारवाचा हाय."

अंबू इतका वेळ ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. गुरुजींनी हात पुढं केला, तो तिला दिसला नाही. मग त्यांनी तिच्या हातात आपलं बोट दिलं. ती उठली. दोघं वाटेला लागले. उन्हानं माती तापली होती, म्हणून गुरुजी तिला घरांच्या सावलीतून नेत होते. पोरगी जपून पाय टाकत होती. निम्मी वाट झाल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, तुमी दोन डाव सांगतलं. माघात येक सांगतलं अन आज येक. खरं कोन्तं?"

गुरुजी चालत राहिले. मघाशी सगळ्या गावाशी ते सरळ खोटं बोलले होते आणि त्याचं त्यांना वाईट वाटलं नव्हतं. चौसष्ट दंड डोळ्यांपुढं होते. या पोरीशीही तेच बोललं तर कोणाचं काही बिघडणार नव्हतं, तिचं तर नाहीच. पण शाळेत एवढी पोरं असताना त्यांचं बोलणं खरं मानून ते मनात धरून ठेवणारी ही एकच होती.

"माघातलं," ते म्हणाले.

"वासराचं? गौळनी, जहाज, सारं?"

"हाव. सारं."

तिच्या तोंडावर क्षणभर ते जुनं हसू आलं, अर्थ लागल्यावर यायचं ते. आणखी चार घरं गेली.

"मंग त्या दिवशी मले टोचलं असतं, तं मले दिसलं असतं?"

"हाव, अंबू."

"मंग माय मले घेऊन काऊन चालली गेली?"

"माझ्यामुळं," गुरुजी म्हणाले. "मी ते तशा रीतीनं सांगितलं म्हणून."

अंबूनं त्यांचं बोट सोडलं, दुसरा हात लांब करून बाजूची मातीची भिंत चाचपली, आणि भिंतीला हात घासत घासत एकटीच पुढं चालू लागली. गुरुजी तिच्यामागं चार पावलं अंतर ठेवून चालत राहिले. तिच्या वाटेत एक दगड होता. तो दिसला तेव्हा त्यांच्या तोंडून हाक आली नाही, कारण आता आपला शब्द ती ऐकेल की नाही हे त्यांना कळेना. ते धावत पुढं गेले, वाकले आणि दगड उचलून बाजूला ठेवला. तोवर अंबू दोन पावलं पुढं निघून गेली होती.